माझ्या मार्कशीटवरचा बेंडिक

माझ्या काकांनी आयुष्यात एकाच माणसाचं तोंड भरून कौतुक केलं, आणि त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. तो अमेरिकेतला बेसबॉलचा खेळाडू होता. नाव बेंडिक. अमेरिकेतही त्याला आता कोणी ओळखत नसावं. म्हसळा तालुक्यातल्या आमच्या वस्तीत मात्र लहान पोरांनासुद्धा तो माहीत होता, कारण काका प्रत्येकाला त्याच्या पंगतीला बसवून मोजायचे आणि बहुतेक सगळे कमी भरायचे.

काका मालवाहू बोटीवर भटारखान्यात होते. वस्तीत त्यांना ‘बोटवाले’ म्हणत. सुट्टीवर आले की इतरांचे नातेवाईक आखातातून रेडिओ, ब्लँकेट, अत्तर आणतात तशा वस्तू त्यांच्या बॅगेत नसायच्या. निघायचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि त्यात जुन्या पुठ्ठ्याची कार्डं. पुढं टोपी घातलेल्या गोऱ्या-काळ्या खेळाडूंची चित्रं, मागं बारीक इंग्रजी अक्षरं. कार्डांना कापराचा वास यायचा, तो काकांनी ठेवलेल्या वड्यांचा, आणि त्याच्या खाली आणखी एक गोडसर वास. फार पूर्वी ही कार्डं च्युइंगमच्या पुडीतून निघायची म्हणे, त्याचा तो वास. पहिली कार्डं त्यांना तिकडच्या एका बंदराजवळ जुनं सामान विकणाऱ्या म्हातारीनं माझ्या आईच्या हातच्या मसाल्याच्या पुडीच्या बदल्यात दिली होती. त्यानंतर आई त्यांच्यासाठी दर खेपेला दोन पुड्या बांधायची. एक काकांच्या तोंडाला चव म्हणून, एक बेसबॉलसाठी.

बेंडिक ‘क्याचर’ होता. म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, फलंदाजाच्या मागं उकिडवा बसून चेंडू झेलणारा. तोही संघातला तिसरा. पहिला दुखावला तर दुसरा, दुसराही पडला तरच याचा नंबर. बाकीचा काळ मैदानाच्या कडेला बसून त्यानं गोलंदाजांना सराव द्यायचा. एवढी सगळी माहिती कार्डाच्या मागच्या चार ओळींत होती आणि ती बोटीवरच्या एका अधिकाऱ्यानं काकांना वाचून दाखवली होती. पुढचं काकांनी स्वतःच जोडलं असावं. “वर्षानुवर्षं तयार बसला,” ते म्हणायचे. “बोलावलं की उठला. न्हाय बोलावलं म्हणून रुसला न्हाय.” कार्डावरच्या चित्रात बेंडिकनं तोंडावरची जाळी कपाळावर सरकवली होती आणि तो बाजूला कुठंतरी बघत होता, हाक येते का म्हणून बघावं तसा.

वस्तीत कोणाचं लग्न मोडलं, कोणाला नोकरीतून काढलं, कोणी कबड्डीच्या संघातून वगळलं म्हणून कप्तानाशी भांडलं, की काकांचं एकच म्हणणं असे, “बेंडिकला बघ.” लोक हसायचे. वडील म्हणायचे, “ह्याचा तो साहेब कधी आलाच गावात, तर त्याला आधी आपल्या नदीत बुचकळून काढीन.”

मी हसत नव्हतो. मला त्या बेंडिकचा मनापासून राग होता. आमच्या घरात चौथीच्या पुढं गेलेला मी पहिला. शाळेत वक्तृत्वात नंबर आला तेव्हा प्रमाणपत्र घेऊन काकांसमोर उभा राहिलो. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, मागची कोरी बाजू जरा जास्तच वेळ पाहिली आणि म्हणाले, “बरं झालं.” मग डबा उघडून बेंडिकला बाहेर काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं, आणि सराव देताना त्याचं बोट मोडलं होतं तेव्हा तो कसा दुसऱ्या दिवशी हजर झाला ते सांगत बसले. मला कळेना की माझं काय कमी पडलं. सगळ्यांच्या काकांना पुतण्याचं कौतुक असतं. माझ्या वाट्याचं सगळं कौतुक समुद्रापलीकडचा एक राखीव गडी खात होता.

काकांचे उपकार मात्र मी विसरू शकत नाही. माझा पहिला इंग्रजी शब्दकोश त्यांनी बोटीवरून आणला. मी सातवीत असताना मला गुरांमागं पाठवायचं घरात ठरत आलं होतं, तेव्हा त्यांनी परदेशातून पत्र धाडलं की पोराला शाळेतून काढलं तर मी घरी पाऊल टाकणार नाही. करायचं ते सगळं करायचे. फक्त तोंडानं एक शब्द द्यायचे नाहीत.

दहावीचा निकाल लागला तेव्हा काका सुट्टीवर होते. मी शाळेत पहिला आलो होतो. आमच्याकडं कोणताही महत्त्वाचा कागद हाती आला की आधी त्याचं लॅमिनेशन होतं. कोकणातल्या पावसात कागद उघडा ठेवणं म्हणजे पापड उघडा ठेवणं. रेशनकार्ड, जातीचा दाखला, जमिनीचा उतारा, सगळं प्लास्टिकमध्ये. काका माझी मार्कशीट घेऊन म्हसळ्याच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले ते दुपार टळल्यावर परतले आणि त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. एकाच मोठ्या, कडक प्लास्टिकमध्ये वर माझी मार्कशीट आणि खाली बेंडिक.

“जागा उरली होती,” काका म्हणाले.

मी म्हटलं, “कापून वेगळं करतो.”

“कापलंस तर कडेनं पाणी शिरंल. दोघं बी जातील.”

मला रडू आलं होतं हे आज सांगायला हरकत नाही. उभ्या आयुष्यात एक कागद मी स्वतःच्या मेहनतीनं मिळवला होता आणि त्यावरही मला एकट्याला राहू दिलं नव्हतं. दोन दिवसांनी काका बोटीवर गेले. मी कात्री घेतली, तर वडील म्हणाले, त्याला विचारल्याशिवाय हात लावू नकोस. विचारायला पत्र, उत्तराला पत्र, आणि प्रवेशाची मुदत तर चार दिवसांवर. मी तसाच कॉलेजात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं मार्कशीट उजेडात धरली, आधी माझ्याकडं आणि मग बेंडिककडं बघितलं.

“हे वडील का?”

“नाही.”

“मग?”

“तिसरा क्याचर,” मी म्हणालो.

त्यानं चष्मा वर केला. “झेरॉक्स काढताना त्याच्यावर कागद ठेवत जा,” एवढंच सांगितलं आणि शिक्का मारला. पुढं बी.ए., बी.एड., नोकरीचे अर्ज, सगळीकडं मी बेंडिकवर कोरा कागद ठेवून झेरॉक्स काढल्या. कागद कधी सरकायचा आणि प्रतीच्या तळाशी टोपीचं टोक उमटायचं. एका मुलाखतीत तर मला विचारलं की हा तुमच्या संस्थेचा शिक्का आहे का. मी पदवीधर झालो तेव्हा काकांनी मला ‘बरं झालं’ म्हटलं आणि बेंडिक कसा आहे ते विचारलं.

बोटीवरची नोकरी सुटल्यावर काकांनी किहीमला एका बंगल्यावर स्वयंपाकी आणि राखणदार म्हणून काम धरलं. मी तोवर अलिबागच्या शाळेत लागलो होतो. रविवारी बायकोनं दिलेला डबा घेऊन स्कूटरवर त्यांच्याकडं जायचो. आमची दुपार छान जायची. ते कार्डं मांडायचे, मी ऐकायचो. बेसबॉल मला खरं तर कधीच कळला नाही, पण मी कळल्यासारखी मान डोलवायला शिकलो होतो. मला वाटायचं, एवढ्या वर्षांच्या मान डोलावण्यानं तरी मी बेंडिकच्या जवळपास पोचलो असेन.

एका रविवारी गेलो तर माडांच्या मधल्या मोकळ्या जागेत काका उकिडवे बसले होते, हातात दुमडलेली उशी. समोरून एक पाहुणे टेनिसचा चेंडू फेकत होते आणि काका तो उशीत झेलून लहान पोरासारखे हसत होते. बंगल्यावर उतरलेले हे गृहस्थ पुष्कळ वर्षं अमेरिकेत राहून परतलेले. रेवसला लाँचमधून उतरले ते चार दिवसांसाठी, आणि काकांचा डबा बघून समुद्रावर जायचंच विसरले. त्यांना बेसबॉल येत होता. संघांची नावं येत होती. ते काकांना ‘काका’ म्हणत होते.

मी जेवणाचा डबा हातात धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांत काकांनी मला कधी एक चेंडू टाक म्हटलं नव्हतं. बेंडिक निदान कार्डात होता. हा माणूस तर हाफपँटमध्ये समोर उभा होता.

“ये, ये,” काका म्हणाले. “बघ, यांना सगळं ठाऊक हाय.”

पडवीत बसल्यावर पाहुण्यांनी कार्डं हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. एकूणएक कार्डं लॅमिनेट केलेली. “काका, हे काय केलंत?” ते अगदी कळवळून म्हणाले. “ही कार्डं आता कोणी संग्राहक हातात धरणार नाही.”

“मग काय करायचं? आमच्या पावसात पुठ्ठा जगत न्हाय. आन् मला कुठं द्यायचीत कुणाला.”

पाहुणे खेळकर होते. हसले. मग त्यांनी मोबाइलवर बेंडिकला शोधलं. बराच वेळ शोधलं. शेवटी एका यादीत नुसतं नाव आणि थोडेसे सामने सापडले, दुसरी एक ओळ नाही. त्यांना आता ते कार्ड बघायचंच होतं. डबा दोनदा उपसून झाला. “यात नाहीये तो,” ते म्हणाले.

“तो ह्याच्याकडं हाय,” काकांनी माझ्याकडं बोट केलं. “त्याच्या दहावीच्या मार्कांखाली.”

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेतलं काय ते मी लगेच ओळखलं, कारण इतकी वर्षं ते माझ्याच डोळ्यांत होतं. मला फार बरं वाटलं.

पाहुणे आंघोळीला गेले. काका मागच्या दारी विळीवर नारळ खोवायला बसले आणि मी शेजारी. मी शेवटी विचारलंच, की असा कसा तुमचा लाडका गडी तुम्ही मला देऊन टाकलात, आणि मला मात्र कधी शाबास म्हणाला नाहीत.

काकांनी खोवणं थांबवलं नाही. “मला बी शिकायचं होतं, सुधीर,” ते म्हणाले. “मास्तर घरी आले होते सांगायला, पोरगं हुशार हाय, ठेवा शाळेत. न्हाय ठेवलं. मग तू शिकायला लागलास. शिकावास असं वाटायचं, आन् शिकलास की पोटात दुखायचं. तुझं प्रमाणपत्र हातात घेतलं की जीव जळायचा माझा. शाबास तोंडापर्यंत यायचं, भाईर न्हाय पडायचं.” त्यांनी करवंटी फिरवली. “बेंडिकचं कौतुक सोपं. तो आपल्या घरचा न्हाय.”

आत नळाचं पाणी वाजत होतं.

“पयला आलास त्या दिवशी लई वाटलं, काय तरी बोलावं,” काका म्हणाले. “न्हाय जमलं. म्हटलं, निदान बेंडिक तरी जाऊ दे याच्याबरोबर.”

इतकी वर्षं मी त्या कागदावर जागा अडवणारा माणूस बघत होतो. मी ज्याच्यावर जळत होतो तो माझ्या बाजूनं बसवलेला होता, आणि ज्यानं बसवला तो माझ्यावर जळत होता. त्या दिवशी काकांनी खोबरं घालून कोळंबी केली. पाहुण्यांनी तीनदा वाढून घेतली आणि मी चारदा.

काका मागच्या वर्षी गेले. विहारात सगळी वस्ती जमली होती. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण बेंडिकवर येऊन थांबत होता आणि लोक डोळे पुसता पुसता हसत होते. डबा माझ्याकडं आला. त्या पाहुण्यांचा फोन आला, त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि जरा चाचरत विचारलं, बेंडिक देणार का. मी नाही म्हटलं. हेवा करायची पाळी आता त्यांची.

या वर्षी माझी मुलगी आर्या दहावी झाली. मार्कशीट घेऊन घरी आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. प्रत्येक विषयात ती माझ्या पुढं होती. गणितात तर फारच. आणि मला खरंच आश्चर्य वाटलं, पोटात कुठंतरी बारीकसं दुखलं. पोटच्या पोरीच्या मार्कांनी. ‘बरं झालं’ हे शब्द जिभेवर तयार होते. पाठोपाठ दुसरेही तयार होते, ‘बेंडिकला बघ’.

मी उठलो, फाइल काढली आणि माझी मार्कशीट तिच्या हातात दिली. ती वरून खालपर्यंत वाचत गेली.

“बाबा, गणितात एवढेच?”

“एवढेच.”

“आणि तरी पहिले?”

“तरी.”

ती हसली. मग बेंडिककडं बघत राहिली. तो नेहमीसारखा जाळी कपाळावर सरकवून बाजूला बघत होता. “शाबास,” मी म्हणालो. आवाज जरा घोगरा निघाला, पण निघाला. “माझ्यापेक्षा पुढं गेलीस.”

तिनं वर पाहिलं. “मला म्हणताय की याला?”

“तुला,” मी म्हणालो. “त्याचं कौतुक काकांनी करून ठेवलंय.”