नोकरी लागली का हो?

आमच्या जुन्या ऑफिसातले दोघं-तिघं भेटले, की चहा यायच्या आत किस्से सुरू होतात. इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच घुसतो! पूर्वी आम्ही पोट धरून हसायचो. आताही सांगतो, पण एकमेकांकडे बघत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सरकार बेकार तरुणांना सहा महिने वेल्डिंग, टायपिंग, शिवण शिकवायचं. त्यानं कोणाला काम मिळालं का, हे आम्ही नागपुरात आणि आजूबाजूला घरोघर फिरून फॉर्मवर भरायचो. आमच्याही नोकऱ्या टेम्पररी. योजना चालली तर आम्ही चालणार!

*

कन्हानला वेल्डिंग शिकलेला एक जण कांदे-बटाट्याचा ठेला लावून उभा होता. मी ‘कामाला लागला’वर खूण केली.

त्यानं डोकावून पाहिलं. “पण साहेब, हा ठेला तं मी शिकायच्या आधीपासूनच लावून राहिलो!”

मी आमच्या देशकर साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “आधी काय करत होता, हा प्रश्न फॉर्मवर आहे का? नाही ना? मग!”

खूण तशीच राहिली.

*

पत्त्यावर न सापडणाऱ्यांचं काय लिहायचं? देशकर साहेबांचं उत्तर तयार! “घरी नाही म्हणजे बाहेरगावी नोकरी लागली असेल!”

माझा सहकारी ठोंबरे यानं एका दुपारी बसल्या जागी अशा सगळ्यांना नोकऱ्या लावून दिल्या. दुसऱ्या दिवशी आमच्याच व्हरांड्यात एक जण चपराशाची जागा निघाली का, विचारत होता. नाव ऐकून ठोंबरे चपापला.

“तू घरी काहून नसतो गा?”

“रोज इथंच तं बसून असतो, साहेब!”

*

हिंगण्याला एका कारखान्यात मॅनेजरनं आमच्या योजनेतून घेतलेले कामगार दाखवले. सगळ्यांच्या अंगात कोरे निळे शर्ट, घड्या दिसणारे. मी एकाला विचारलं, “तुमचं काम काय?”

तो प्रामाणिक होता. “तुम्ही जाईपर्यंत उभं राहाचं.”

मॅनेजर मोठ्यानं हसला. मीही हसलो. चहा-बिस्किटं झाली.

*

शकुंतलाबाई शिवण शिकल्या, पण घरी मशीनच नव्हती. साहेबांना तर रिपोर्टच्या कव्हरवर फोटो हवा! मग आम्हीच शेजारणीची मशीन उचलून आणली, बाईंना समोर बसवलं, फोटो काढला, मशीन परत नेऊन ठेवली.

बाई दारापर्यंत आल्या. “भाऊ, एक फोटो मले द्याल का? घरी मशीनवर बसलेली मी तेवढीच हाओ.”

देतो म्हणालो. दिला नाही.

*

शिकवल्याचा खरंच फायदा झाला का, हे कळायला एक दुसरी यादीही होती. अर्ज केला, पण वर्गात जागा मिळाली नाही, अशांची. त्यांना काही द्यायचं नव्हतं. शिकलेल्यांशी तुलना करायला नुसते तेच प्रश्न विचारायचे.

त्या यादीत नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला प्रल्हाद होता. ओळीनं तीन वर्षं मी त्याच्या घरी गेलो. दर वेळी इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला, मॅट्रिकचं सर्टिफिकेट हातात. बसा म्हटल्याशिवाय बसायचा नाही.

तिसऱ्या वर्षी तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर यायचं. शब्दन् शब्द पाठ!

त्याची आई दाराशी उभी होती. न राहवून म्हणाली, “बाबू, मागच्या दोन्ही वेळेले याचं काय चुकलं, तेवढं सांगून द्या न. पोरगा महिनाभर घोकून राहिला.”

“माय, चूप राय न,” प्रल्हाद म्हणाला. मग हळूच माझ्याकडे वळला. “साहेब, या खेपेले तरी पास झालो न मी?”

मी फॉर्मची घडी घातली. म्हणालो, “झालास.”

आईनं आतून साखर आणून माझ्या तळहातावर ठेवली. मी खाल्ली.