'येते'ला तिकडे काय म्हणतात?

दोन रविवारांपूर्वी व्हाइटफील्डमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी अकरा मुलांसमोर उभा होतो आणि विषय होता कोपनहेगन. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस शिकवायला उभा... आमच्या सरांनी पाहिलं असतं तर सवयीने वर्गाबाहेर काढलं असतं.

हे झालं सुलभाअक्कांमुळे. अक्का जुन्या बंगळूरकर, दर रविवारी सोसायटीतल्या मुलांना मराठी शिकवतात. भाजीच्या दुकानात त्या फोनवर मराठीत बोलत होत्या आणि मी हातात दुधी धरून नुसता ऐकत उभा राहिलो. तीन आठवडे मराठी कानावर पडली नव्हती. पीजीतल्या खोलीत बसून लोकांचे व्हिडिओ एडिट करायचे, बोलायचं ते हिंदीत, तेही डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगण्यापुरतं... दुधी मला आवडतही नाही.

त्यांनी विचारलं, कुठला रे तू. मी सांगलीपासून सुरू केलं आणि नेहमीसारखा भरकटत कोपनहेगनला पोचलो. माझा मित्र निखिल तिथे नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात त्याला कामासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं, खोली रिकामी होती, म्हणून मी अडीच महिने राहून आलो.

अक्का एकदम थांबल्या. त्यांच्या वर्गात ईरा नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे, मूळची नागपूरची. बाबांची बदली कोपनहेगनला झाल्याचं कळल्यापासून तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही.

"स्वल्प येऊन सांग रे त्या पोरीला, कसं असतं तिकडे. आम्ही सांगितलेलं तिला पटत नाही."

तर त्या रविवारी मी वर्गात सांगायला लागलो. शहराच्या मधोमध समुद्राचं पाणी आहे आणि ते इतकं स्वच्छ की ऑफिस सुटल्यावर लोक त्यात उड्या मारतात. रस्त्यावर एकही गाडी नसली तरी माणसं लाल सिग्नलला उभी राहतात... यावर व्हाइटफील्डची मुलं खो खो हसली. कॅफेबाहेर बाबागाड्यांमध्ये बाळं थंडीत गाढ झोपतात आणि आई आत कॉफी पीत असते, हे तर कुणाला खरंच वाटेना. ईरा दाराशी बसून सँडलचा पट्टा काढत होती, लावत होती.

मग मी माझी फजिती सांगितली. पहिल्याच दिवशी बेकरीत पाव घेतला, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "ताक." मी म्हटलं, इथेपण मिळतं? नो, नो, ओन्ली ब्रेड... ती परत हसून, "ताक." खोलीवर येऊन निखिलला फोन केला तेव्हा कळलं, त्यांच्या भाषेत ताक म्हणजे थँक यू.

"मग खूप खूप थँक यू म्हणजे मठ्ठा का?" मागून एक पोरगा.

नाही रे, त्याला 'हजार ताक' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. आणि भेटल्यावर 'हाय', निघताना 'हाय हाय'. झालं... वर्गात मोर्चाच निघाला. त्या गोंधळात दाराकडून आवाज आला.

"दादा, 'येते'ला तिकडे काय म्हणतात?"

ईरा. मी म्हटलं, सांगितलं ना, हाय हाय.

"ते तर बाय झालं. मी 'येते' विचारतेय. आजीकडून निघताना म्हणतो ते... परत येणार असलं की."

मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी सांगतो म्हटलं. तिने विचारलं, नक्की येशील? मी सहज म्हणून गेलो, "येतो." खरं तर गुरुवारचं गोकर्णाचं बसचं तिकीट खिशात होतं. एका जागी मला फार करमत नाही...

पीजीवर जाऊन निखिलला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, 'वी सेस. म्हणजे भेटू. परत भेटणार असेल त्या माणसाला म्हणतात. तुला कुणी म्हटलं नाही का कधी?'

मी बराच वेळ आठवत बसलो. अडीच महिने रोज सकाळी तीच बेकरी, तीच बाई, तोच पाव. मला वाटायचं, आपली ओळख झालीय. पण ती रोज 'ताक' म्हणायची आणि 'हाय हाय'... चारलाच अंधार पडायचा, घराघरांच्या खिडक्यांत मेणबत्त्या लागायच्या, आणि मी त्या रस्त्यावरून बघत चालायचो. फार सुंदर शहर आहे. हे मुलांना सांगितलं होतं. मेणबत्त्या मी बाहेरूनच पाहिल्या, हे सांगितलं नव्हतं.

आणि एक आठवलं. आईला 'येतो' म्हणून घरातून निघालो, त्याला दीड वर्ष झालं.

तिकीट रद्द केलं. रविवारी ईराला तो शब्द फळ्यावर लिहून दिला. अर्थही सांगितला आणि हेही सांगितलं, की तो मी तिथे एकदाही ऐकला नाही.

तिने तो शब्द वहीत उतरवून घेतला. मग म्हणाली, "कारण तू कुणाला 'येतो' म्हणाला नसशील."

वर्ग सुटला. सगळी मुलं 'हाय हाय' ओरडत पळाली. ईरा सँडल घालून दारात थांबली, माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "वी सेस, दादा."

काल त्यांचं विमान गेलं. अक्का सांगत होत्या, एअरपोर्टला निघताना ती अख्ख्या मजल्यावर दारोदार 'येते' म्हणून आली.

मी सांगलीच्या बसचं तिकीट काढलंय. आईला अजून कळवलेलं नाही...

ईरा, हजार ताक.