एकशे दहा अंश

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण तरी काय देऊ? सांगतो, एवढंच.

साठ सालानंतरची गोष्ट. मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. — दारव्ह्याच्या शाळेतला, शिष्यवृत्तीवर शिकलेला. दिग्रसच्या एका जिनात — कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात — मला ड्रायरवर देखरेखीची नोकरी लागली. ती डोमाजींनी मालकांच्या मागे लागून मिळवून दिली. डोमाजी त्याच ड्रायरचे भट्टीवाले, आमच्याच वस्तीतले. बौद्ध झाल्यावर त्यांच्या घरातला देवांचा कोनाडा रिकामा झाला होता. तिथे त्यांनी माझा पदवीच्या झग्यातला फोटो ठेवला. घरी मला ‘बाबू’ म्हणत, जिनात चारचौघांत ‘साहेब’.

ड्रायरला कामगार ढोल म्हणत. लांब लोखंडी ढोल, एका बाजूला किंचित उतरता, सावकाश फिरणारा. वरच्या तोंडातून ओली सरकी आत जायची. आतल्या पट्ट्या ती उचलून वरून खाली सोडायच्या, आणि पडता पडता तिला भट्टीकडून पंख्यानं ढकललेली गरम हवा लागायची. ओल हवेबरोबर निघून जायची, कोरडी सरकी खालच्या तोंडातून पोत्यात. पुढे मी असे ड्रायर डाळीच्या, रंगाच्या, औषधांच्या कारखान्यांत पाहिले. तत्त्व तेच — माल हलता ठेवा, हवा गरम ठेवा, आणि किती गरम ते विसरू नका. तेल काढायच्या सरकीला थोडं जास्त चालतं. पेरायच्या सरकीला नाही. तिच्यात जीव असतो.

त्या वर्षी अवकाळी पावसात बियाण्याची सरकी भिजली. भिंतीवरच्या जुन्या सूचनेत लिहिलं होतं — हवा एकशे दहा अंशांवर जाऊ देऊ नये. जुना तापमापक फुटला होता, नवा नुकताच बसवला होता. मी काटा एकशे दहावर आणायला सांगितला. लाकूड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागलं — तेव्हा मला शंका यायला नको होती का? डोमाजींना आली. त्यांनी ढोलातून निघालेली मूठभर सरकी हातात घेतली आणि लगेच टाकली.

“साहेब, हे वाळून नाही, भाजून राह्यलं.”

“हाताले काय समजते, काका? काटा पहा.”

“बुढा बी.एस्सी.ले शिकवून राह्यला!” एक हमाल ओरडला. सगळे हसले. डोमाजीही हसले — माझ्या कौतुकानं — आणि त्यांनी आणखी एक ओंडका आत सारला.

पेरणी झाली. ते बियाणं नेलेल्यांची शेतं तशीच काळी राहिली, कोंब नाही. तक्रारी आल्या तेव्हा मी नव्या तापमापकाची काच पहिल्यांदा नीट पुसली. खाली बारीक अक्षर होतं — सेल्सिअसचं. सूचना फॅरनहाइटमधली होती. एकशे दहा फॅरनहाइट म्हणजे आमच्याकडचा मे महिन्यातला वारा. एकशे दहा सेल्सिअस म्हणजे उकळत्या पाण्याच्याही वर. हे गणित मला मॅट्रिकपासून येत होतं.

मालकांनी दोघांना समोर उभं केलं. विचारलं, आग कोण पाहते?

मी म्हणालो, “आग डोमाजी पाहतात.”

वाक्य खरं होतं — म्हणूनच तर ते मला इतक्या सहज बोलता आलं. डोमाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘साहेबानं सांगितलं तेवढीच आग केली’ असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. त्याच दिवशी त्यांचं काम सुटलं.

दोन वर्षांनी ते बाजारात भेटले. चहा त्यांनीच पाजला. मग हळूच म्हणाले, “बाबू, खरं सांगजो. तवा सरकी हातात धरवत नव्हती मले. काटा बरोबर होता काय?”

आसपास ओळखीचं कुणी नव्हतं. मी ती नोकरी सोडून दुसरीकडे लागलो होतो, म्हणजे गमावण्यासारखंही काही नव्हतं. तरी मी म्हणालो, “काटा बरोबर होता, काका.”

“मंग माहा हातच बिघडला,” ते म्हणाले.

पुढे दुसऱ्या एका जिनानं त्यांना भट्टीवर बोलावलं. ते गेले नाहीत. आपल्या हाताचा आता भरवसा नाही, असं त्यांनी निरोप्याला सांगितलं. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, आणि गावी गेलो की मी त्यांना दर वेळी भेटत होतो.