चौथ्या मजल्यावरून दिसलेला मोर

रांगोळीच्या रंगांची पिशवी उघडली, की त्या कोरड्या, नाकात चढणाऱ्या वासाबरोबर मला नौपाड्यातली पाडव्याच्या आदल्या दिवसाची एक दुपार आठवते. शोभायात्रेसाठी आम्ही पाच बायका सोसायटीच्या अंगणात वीस फुटांचा मोर काढत होतो. उकिडवं बसलं की मोर कुठला दिसतोय, आपल्या वाट्याचा निळा रंग तेवढा दिसतो. वर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत माझे सासरे बसलेले. तरुणपणी ते सैन्यात होते. विमानातून काढलेले फोटो भिंगाखाली धरून लपवलेल्या तोफा शोधायच्या, हे त्यांचं काम. सासूबाई गेल्यापासून मात्र वर्षभर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, बोलणंही हो-नाहीपुरतं. आणि अचानक वरून दणदणीत आवाज आला, "अगं, मान मोडलीत त्याची! चोच डावीकडे घ्या, चांगली हातभर!" आम्ही दचकलोच. मग तासभर ते हुकूम सोडत होते आणि आम्ही पुसून पुन्हा भरत होतो. पिसारा पुरा झाला आणि बघते तर काय, जिन्याचा कठडा धरत, धापा टाकत ते खाली आलेले. मोराभोवती एक फेरी मारून वैतागून म्हणाले, "इथून तर काहीच कळत नाही. काढलात कसा?" मी म्हटलं, "तुम्ही वर होतात ना, बाबा." यंदा सोसायटीने ड्रोन मागवला होता. बाबा खालीच खुर्ची टाकून बसलेले, ड्रोनवाल्याच्या स्क्रीनमध्ये डोकं घालून त्यालाच सांगत होते, "अरे, असा काय फिरवतोस? आधी मान बघू दे."