लिंबाजीमामांनी दिलेली जबान

आमच्या संग्रहालयात कुणीही आलं, की लिंबाजीमामा त्याला पहिल्या कपाटापाशीच अडवत. "मडकं किती जुनं हाय ते मागनं वाचा. घावलं कुणाला, ते आधी वाचा." माणूस घाईत असला, नुसते फोटो काढून पुढे सरकू लागला, तर मामा काचेसमोर आडवे उभे राहत. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब आले, त्यांच्याही पुढे ते असेच उभे राहिले. साहेबांनी चिठ्ठीवरचं शेतकऱ्याचं नाव मोठ्याने वाचलं, तेव्हा मामा बाजूला झाले.

मामा आमच्याकडे शिपाई होते, तेही रोजंदारीवर. मूळचे लोहारा तालुक्यातल्या एका कुंभाराच्या घरातले. मी तिथली लिपिक. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. आत जुनी मडकी, मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. नांगरताना, विहीर खणताना जे निघतं ते. बहुतेक लोक ते बांधावर फेकून देत. मामा सुट्टीच्या दिवशी कधी जीपने, कधी एसटीने गावोगाव जायचे आणि ते मागून आणायचे. तुकडे जुळवायलाही तेच बसायचे. एकदा एका मडक्याच्या आत बोट फिरवत मला म्हणाले, "बाई, हितं दाब बघा कसा उलटा हाय. ह्यो कुंभार डावखुरा व्हता." विद्यापीठातून आलेल्या सरांनी ते मडकं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. मामांचं नाव मात्र लिहून घेतलं नाही. मामांना त्याचं काही वाटलं नाही, राग मला आला.

लोक वस्तू सहज देत नसत. ईट गावच्या शांताबाईंच्या वडिलांना शेतात मातीची एक बाई सापडली होती, एक हात तुटलेली. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज तिला हळदकुंकू वाहिलं. वडील गेल्यावर मामा तीनदा ईटला गेले. तिसऱ्यांदा शांताबाई म्हणाल्या, "देते, पर माझ्या आबांचं नाव ऱ्हायला पायजे." मामा म्हणाले, "वस्तू सरकारची, नाव आबांचं. ही माझी जबान हाय." परत आल्यावर माझ्यासमोर बसून त्यांनी नाव सांगितलं, मी चिठ्ठी लिहिली. सगळ्या चिठ्ठ्या अशाच झाल्या. ते सांगायचे, मी लिहायची, आणि लिहून झाल्यावर ते मला वाचून दाखवायला लावायचे.

मग नवे प्रमुख आले. राज्यातल्या उत्तम संग्रहालयांना दरवर्षी एक पुरस्कार मिळतो, तो आपल्याला मिळालाच पाहिजे, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्यात चूक काहीच नव्हतं. पुण्याहून मांडणी करणारी मंडळी आली. संग्रहालय महिनाभर बंद राहिलं, रोजंदारीवरच्या लोकांना पुढचा निरोप येईपर्यंत घरी बसायला सांगितलं. नव्या पाट्या आल्या, सुबक, एकसारख्या. त्यांवर वस्तूचं नाव, काळ आणि "धाराशिव जिल्हा" एवढंच. मी विचारलं, "साहेब, ज्यांना वस्तू सापडल्या त्यांची नावं?" ते म्हणाले, "नावांनी गर्दी होते, मॅडम. परीक्षकांना स्वच्छ मांडणी आवडते."

चिठ्ठ्या मी काढल्या, माझ्या हातांनी. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. पुरस्काराचा अर्जही मीच टाइप केला. त्यात "लोकसहभाग" असा एक रकाना होता. मी तिथे मामांबद्दल दोन पानं लिहिली. साहेबांनी ती खोडून एक वाक्य घातलं, "कार्यालयाने गावोगावी मोहीम राबवून वस्तू मिळवल्या." कार्यालय कधी कुठल्या गावाला गेलं होतं? मी ते वाक्य टाइप केलं आणि अर्ज गेला.

पुरस्कार मिळाला. परीक्षकांच्या निवेदनात खास कौतुक होतं ते लोकसहभागाचं. तो शब्द आजही कुठे छापलेला दिसला की माझं डोकं फिरतं.

अंगणात सत्काराचा मांडव उभा राहिला. ईटहून शांताबाई सुनेला घेऊन आल्या होत्या, आबांचं नाव दाखवायला. मामाही घरी बसवल्यापासून त्याच दिवशी पहिल्यांदा आत येत होते. शांताबाईंनी पाटी वाचली, सुनेला पुन्हा वाचायला लावली आणि वळून विचारलं, "मामा, आबांचं नाव कुठं हाय?"

मामांनी काच पाहिली, शेजारची पाहिली, मग सगळी कपाटं पाहिली. माझ्याकडेही पाहिलं. मी मान खाली घातली. ते सरळ मांडवात गेले. साहेबांच्या हातात मानचिन्ह होतं.

"साहेब, हे बक्षीस कशाचं हाय?"

"संग्रहालयाचं आहे, मामा. बसा तुम्ही."

"मग नावं कुठं गेली?"

"नंतर बोलू."

"नंतर कामून? जबान तुमी दिली न्हाय, म्या दिलीया. नावं लावा, न्हायतर ज्याची वस्तू त्याला द्या."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तरी दोघांनी त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर नेऊन उभं केलं. कार्यक्रम पुढे चालू झाला. हार घातले गेले, मी प्रास्ताविक वाचलं. दुसऱ्या दिवशी मामांना निरोप गेला, यायची गरज नाही.

त्यानंतर मामांनी जे केलं ते मला फार उशिरा कळलं. ज्यांनी ज्यांनी वस्तू दिली होती, त्या प्रत्येकाच्या घरी ते गेले. उन्हाळ्याचे दिवस, पासष्टीच्या पुढचा माणूस. तामलवाडीच्या एका म्हाताऱ्यांनी मला सांगितलं, "दारात हुबं ऱ्हायले. म्हणले, म्या खोटं बोललो, तुमचं नाव काढलंय. आमी म्हणलं, आमाला राग न्हाय मामा, बसा. बसले न्हाईत. पाणीसुदिक घेतलं न्हाय." चार घरं राहिली असताना मामा आजारी पडले आणि दोन दिवसांत गेले.

दहाव्यानंतर साहेबांनी मला बोलावलं. निष्ठावान कर्मचाऱ्यांसाठी मरणोत्तर सन्मान असतो, मामांची माहिती घेऊन या, म्हणाले. आपल्या संग्रहालयाला शोभून दिसेल, असंही म्हणाले. मी लोहाऱ्याची एसटी धरली. मामांच्या घरी जायला मला असं निमित्त लागावं, याचीच लाज वाटत होती.

मामांच्या पत्नी भागाबाई जोंधळे निवडत होत्या. मी कागद काढला, कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "त्यांचं नाव कुठं लावू नगा, बाई. ज्यांची काढली त्यांची लावा आधी."

मी कोरा कागद घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला, कचेरी भरलेली असताना, जपून ठेवलेल्या जुन्या चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या खणातून काढल्या आणि एकेक काचेवर बाहेरून डकवल्या. साहेब म्हणाले, काढा. मी म्हटलं, मी एकदा काढल्यात, आता तुम्ही काढा. ते आत गेले आणि त्यांनी वर पत्र पाठवलं.

संध्याकाळी मी ईटला फोन लावला. शांताबाईंनी एवढंच विचारलं, "लागलं का आबांचं नाव?"

"लागलंय."

"मग येते सवडीनं."

"सवडीनं नको," मी म्हटलं. "उद्याच या. किती दिवस राहू देतील सांगता येत नाही."