पाहुण्यासाठी खुर्ची

काका बारीक खिळे ओठांत धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं अंदाजानेच कळायचं. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी बैठक तळव्याने दाबून बघायचे. सोफ्याच्या फटीत सापडलेलं पेन, टाचणी, खेळण्यातलं चाक, सगळं पुडीत बांधून मालकाला परत द्यायचे. आणि गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर कधी म्हणजे कधी बसायचे नाहीत. स्वतःसाठी एक पालथं खोकं होतं.

सोफे दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान आमच्या घराला लागून. मागच्या खोलीत काका, काकू आणि त्यांची मुलगी. मुलगी माझ्याहून हुशार. तिला माझ्याच कॉलेजात प्रवेश मिळाला.

या कॉलेजची एक रीत आहे. घरची ऐपत बघून झेपेल तेवढीच फी घेतात, उरलेली कॉलेज सोसतं. ऐपत बघायला माणूस घरी येतो. आमच्याकडे आला तेव्हा छत गळत होतं. मी फी न भरता साहित्य शिकले.

तो त्यांच्याकडे येणार म्हटल्यावर काकांना एकच काळजी पडली. त्याला बसवायचं कशावर? घरात सगळे जमिनीवर बसणारे. दुकानात एक सोफा तयार होता, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे जायचा. काकांनी तो खोलीत आणून ठेवला.

तपासनीस ऐसपैस बसला. सोफ्याच्या हातावरून हात फिरवला.

"छान आहे हो. नवा?"

"कालच पूर्ण केला." काका भिंतीला टेकून उभे होते.

"कापड भारी दिसतंय."

"बाजारातलं सगळ्यात भारी. शिवण बघा, कुठे दिसतेय का."

त्याने लिहून घेतलं. हा माणूस आपल्याच घरात उभा का, हे नाही विचारलं.

मदत नाकारली. घरची स्थिती समाधानकारक.

"पाहुणा येणार म्हटलं की यांच्या घराचं शोरूम होतं," काकू म्हणाल्या. "बसा आता सोफ्यावर."

"तो गेला गिऱ्हाइकाकडे."

मी चिडले. "काका, सोफा दुसऱ्याचा आहे, एवढंच सांगायचं होतं."

"लोकांची वस्तू घरात वापरतो म्हणून सांगू? उद्या दुकानात कोण येईल?" त्यांनी तोंडातले खिळे काढले. "गरिबी बघायची होती तर माझे गुडघे बघायचे."

छत गळलं की माणूस गरजू. खोली झाडलेली असली की लबाड.

काका आणि मी कॉलेजच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "फेरतपासणी लावते. या वेळी घर आहे तसंच ठेवा."

"म्हणजे पाहुण्याला जमिनीवर बसवू?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग खुर्ची चालेल?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "साधी असेल तर."

काकांनी साधी खुर्ची करायला घेतली. कुणीतरी टाकून दिलेला सांगाडा, वर गोणपाट लावायचं. "बघ," मला म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम करतोय." पण स्प्रिंगा बांधायला बसले आणि हात ऐकेना. बांधलेली प्रत्येक गाठ दाबून बघत होते.

फेरतपासणीचा भरवसा नव्हता. फी भरावी लागली तर, म्हणून त्यांनी अंगाला झेपणार नाही इतकं काम घेतलं. हमालाचे पैसे वाचवायला सोफे स्वतःच पोचवायला लागले. एका दुपारी गिऱ्हाइकाच्या मुलासोबत सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवत होते. मधल्या वळणावर म्हणाले, जरा ठेवू या. आणि त्यावर बसले. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर. मुलगा पाणी घेऊन खाली आला तेव्हा काका गेले होते.

फेरतपासणी ठरल्या दिवशीच झाली. तोच माणूस आला. बसायला काही नव्हतं. उभ्यानेच त्याने लिहिलं आणि कागद काकूंच्या हातात ठेवला.

पूर्ण फी माफ. कारण: घरात कमावतं कुणी नाही.

काकूंनी तो कागद मुलीच्या हातात दिला आणि भांडी घासायला घेतली. मी एवढी पुस्तकं वाचली, त्या माणसाच्या तोंडावर फेकायला एक वाक्य सापडलं नाही. तो दुकानाची पायरी उतरून गेलासुद्धा.

दुकान अजून तसंच आहे. खोक्यासमोर खुर्ची. बैठकीखालचे पट्टे ताणून झालेत. पुढच्या रांगेच्या स्प्रिंगा बांधल्यात. मागची रांग मोकळी आहे, आणि शेवटच्या गाठीपासून सुतळी खाली लोंबते आहे.