नामदेव मिस्त्रींचे ठोकळे

नामदेव मिस्त्रींची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांची नक्कल करताना. अकरावीत होतो. त्यांच्या दुकानासमोर, दोस्तांच्या घोळक्यात, कमरेत वाकून, एक डोळा बारीक करून माझं चाललं होतं, आणि मिस्त्री रंधा घेऊन मागे उभे. दोस्त पळाले. मिस्त्री म्हणाले, "खोकला राह्यला. मी बोलायच्या आंधी खोकतो. पुन्हा कर."

केलं. "आता बराबर. नाव काय बे तुह्यं?"

इथं माझी गाडी अडली. जळगाव जामोदमधल्या हेडमास्तरांपासून कंडक्टरपर्यंत कुणाचाही आवाज मी धडाधड काढायचो. स्वतःच्या आवाजात मात्र जीभ अडकायची. 'म... म...' करत मी नाव सांगायच्या आत लोकच ते सांगून टाकत. घरचेसुद्धा. मिस्त्रींनी तसं केलं नाही. 'मंगेश' पूर्ण होईपर्यंत नुसते उभे राहिले.

मिस्त्री वखर-तिफणीचे सुतार. ट्रॅक्टर वाढले, कामं घटली, सागवानाचे तुकडे उरले. त्यांतून ते चिखलीच्या नातीसाठी एक खेळ बनवत होते. लाकडी ठोकळे, त्यांच्यावर तापल्या सळईनं डागलेली अक्षरं. ठोकळे टाकायचे आणि वर येतील त्या अक्षरांचा शब्द जुळवायचा. पहिल्यांदा त्यांनी एकेका ठोकळ्यावर एकेक बाराखडी घेतली. पण ठोकळ्याला बाजू सहाच. क, का, कि, की, कु, कू... संपला ठोकळा. जन्मभर बैलांची औजारं केलेल्या माणसाच्या खेळात 'बैल' काही होईना.

"'पोळा'पण होत नाही," मी म्हणालो, अर्थात हेडमास्तरांच्या आवाजात.

"मंग बाराखडी गेली चुलीत," मिस्त्री म्हणाले, आणि खरंच सगळे ठोकळे चुलीत घातले. नव्या ठोकळ्यांवर नुसती अक्षरं आली. काना-मात्रा ज्यानं त्यानं खडूनं द्यायची.

संध्याकाळी आम्ही तिघं खेळायचो. तिसऱ्या सुशीलाकाकू, शेजारी भाजी विकणाऱ्या. शब्द जुळला की त्यावरून आपल्यासोबत खरं घडलेलं काहीतरी सांगायचं. मी कुणाच्या तरी आवाजात सांगून मोकळा व्हायचो.

"हे हेडमास्तरचं झालं. तुह्यं सांग," मिस्त्री म्हणाले. "नाई तं गुण नाई."

शब्द होता 'विहीर'. मी 'वि'लाच अडकलो. काकूंनी मायेनं शब्द पुरवला. मिस्त्रींनी तिथल्या तिथं नियम काढला, "दुसऱ्याचा शब्द जो पुरा करीन, त्याची पाळी गेली."

"अन् हा असाच अडकून बसला तं?" काकू म्हणाल्या.

"तं बसू. तुले कुठी जाचं हाय?"

विहिरीत चप्पल पडल्याची चार वाक्यांची गोष्ट. चहा निवला, काकूंच्या तीन पाळ्या गेल्या, पण मी माझ्याच आवाजात शेवटापर्यंत पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा.

अडखळणं अजूनही आहे. पण अडकलो की आता मी दुसऱ्याच्या आवाजात लपत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्रींचे हात थरथरायला लागले, आणि मुलगी त्यांना चिखलीला न्यायला आली. स्टँडवर एसटीच्या खिडकीखाली उभा राहून मी म्हणालो, "काका, तुमच्यामु... मु..."

कंडक्टरनं घंटीची दोरी धरली. माझ्या शेजारी काकूंनी, शब्द निसटू नये म्हणून, तोंडावर पदर दाबला. मिस्त्री आत वळून म्हणाले, "कंडक्टरभाऊ, थांबा जरा. पोरगं बोलून राह्यलं."

अख्खी गाडी माझ्याकडे बघत थांबली.

"...तुमच्यामुळे मी बोलतो."

"हाव," मिस्त्री म्हणाले. मग कंडक्टरला, "आता जाऊ द्या गाडी."